क्रूड गाळायचं लुगडं

आमच्या थोरल्या मामंजींनी माझं पहिलं इरकली लुगडं फाडलं ते क्रूड तेल गाळायला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात त्यांचा विषय निघाला की माणसं हळवी होतात. डोळे पुसतात, 'असा माणूस पुन्हा व्हायचा नाही' म्हणतात. होऊच नये. झालाच तर त्याच्या घरातल्या सुनांनी आपली लुगडी कुलपात ठेवावीत.

थोरले मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच गेले होते. थोरल्यांचीही बायको गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळं घरातले कर्ते पुरुष तेच. पहिल्या मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडं गेले होते आणि तिथं मोटारींच्या कामावर होते. परत येताना गावातल्या बाकीच्या शिपायांनी घड्याळं आणली, कांबळी आणली. ह्यांनी धुळीचं भय आणलं. बसऱ्याच्या वाळूनं नव्याकोऱ्या मोटारी खोकून खोकून मरताना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून धूळ म्हणजे यम हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही.

पुढं साठवलेल्या पैशांतून त्यांनी कृष्णेच्या काठावर आमच्या मळ्यात क्रूडवरचं इंजिन बसवलं. रहिमतपूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. इंजिनाच्या चाकावरून पट्टा पंपाला, पंपाचं पाणी पाटाला, आणि पाटानं आमच्या नि भावकीच्या उसाला. ज्याची पाळी त्यानं पाणी घ्यायचं. इंजिन आमचं असलं तरी त्या काठाचा सगळा ऊस त्याच्या जिवावर होता, आणि भावकी येता-जाता त्याला हात जोडायची. इंजिनाला. मामंजींना शिव्या द्यायची.

माझं माहेर म्हसवडचं. ऐन वैशाखात लग्न झालं आणि बैलगाड्यांतून सासरी पोचेपर्यंत घशाला कोरड पडली. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"तापल्यावर गार पाणी न्हाई. जरा दम खाऊ द्या आदी."

मला वाटलं, गाडीच्या बैलांविषयी चाललंय. तांब्या मागं गेला तेव्हा कळलं की ते माझ्याविषयी होतं. तापलेल्या इंजिनात नदीचं गार पाणी ओतलं तर आतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, हे मला पुढं समजलं. मी काही बिडाची नव्हते. पण सांगणार कुणाला? सुनेनं थोरल्या सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, पदर कपाळाखाली, अशी त्या घराची रीत. तेही सुनेशी बोलत नसत. काही हवं असलं की ओसरीच्या खांबाकडं बघून म्हणायचे, "घरात सांगा, चहा आणा." घरात म्हणजे मी. अशा रीतीनं पुढची कैक वर्षं ते खांबाशी बोलले आणि मी खांबाचं ऐकलं.

त्यांचं सगळं जगणं इंजिनाच्या कायद्यानं चालायचं. सकाळी उठले की बराच वेळ घोंगड्यावर नुसते बसून राहायचे. त्या वेळी कुणी हाक मारली तरी 'ओ' द्यायचे नाहीत. सासूबाई मला दबक्या आवाजात सांगायच्या, अजून रिकामं चालतंय, पट्टा चढवायचा आहे. रात्री जेवण झालं की अंगणात येरझाऱ्या, का तर एकदम आडवं पडलं की आतली उष्णता आतच राहते. दूध गाळून, पाणी गाळून, चहा तर दोनदा गाळून. आणि चुलीतून काळा धूर निघाला की खांबाला लगेच कळवलं जायचं, "घरात सांगा, चुलीवर लोड जास्त झालाय." ओली लाकडं त्यांनीच आणून टाकलेली असत. त्याचं काही नाही.

इंजिनाचं कौतुक तर बघवत नसे. हँडल मारून ते चालू केलं की लगेच पंपाचा पट्टा चढवायचा नाही. आधी रिकामं चालू द्यायचं. मामंजी त्याच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटून बसायचे, एखाद्या पोराचा ताप बघावा तसे. अंग पुरेसं कोमट लागलं की मग पट्टा. बंद करतानाही तसंच. पट्टा उतरवून काही वेळ रिकामं फिरवायचं, निवू द्यायचं आणि मग तेल तोडायचं. तिकडं ज्याची पाळी तो खोरं घेऊन कोरड्या सरीत उभा, घसा फोडून ओरडतोय. हे हलायचे नाहीत. एकदा भावकीतला एक जण अंगावर धावून आला तेव्हा त्याला म्हणाले, "ऊस वाळला तर दुसरा लावशील. शिलिंडर घासलं तर ते लावणार हायस का?" तो मागं फिरला आणि गावभर सांगत सुटला की म्हाताऱ्याला बसऱ्याला सूर्य लागलाय. मला तेव्हा त्याचंच खरं वाटत होतं.

आणि सडा. घरापुढं सडा घालायचा हे कुठल्याही सुनेला ठाऊक असतं. मी दोन सडे घालायची. एक दारात आणि दुसरा मळ्यात, इंजिनाच्या खोलीभोवती चारी बाजूंनी, धूळ उडू नये म्हणून. सणावाराला घरचा सडा राहिला तर कुणी विचारत नसे. इंजिनाच्या दारातला राहिला की खांबापर्यंत तक्रार जायची. शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन तिकडं जाताना बांधावरच्या बायका हसायच्या आणि म्हणायच्या, तुझी सवत बरी आहे ना गं. मी हसायची नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत दुसरी लढाई सुरू झाली आणि आमचे हे, माझे मालक, तेही पलटणीत भरती झाले. निघायच्या दिवशी घरातल्या देवापुढं नारळ ठेवला आणि उठून गेले कुठं, तर मळ्यात. हँडल मारून इंजिन चालू केलं. त्या हँडलवर ह्यांचा हात लहानपणापासून बसलेला. मी शिदोरीचं गाठोडं घेऊन मागोमाग गेले होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. मामंजी म्हणाले, "तू ये. तू येशील तवा इंजान चालू असंल." हे त्यांच्या पाया पडले आणि निघाले. बस. 'तुझ्या बायकोकडं बघतो' नाही, 'घराची काळजी करू नकोस' नाही. लढाईवर निघालेल्या पोराला काय शब्द द्यावा माणसानं? तर इंजिन चालू असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी भाकरी थापताना परातीवर राग काढला.

पण शब्द दिला तो दिला. आणि लढाईत तो पाळणं किती अवघड होतं ते पुढं दिसायला लागलं. बाहेरून सुटे भाग यायचे बंद झाले. क्रूड परवान्यावर, तेही गाळ नि पाणी मिसळलेलं. नदीकाठची बाकीची इंजिनं एकामागून एक गप्प झाली. मामंजी एकदा सांगलीला जाऊन आले, दोन रिंगा मिळतात का बघायला. रिकाम्या हातानं परत आले. दुकानदारानं लढाई संपल्यावर या म्हणून सांगितलं होतं, पण मामंजींना राग त्याचा नव्हता. त्या दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून एक इंजिन गारठ्यात चालू करून त्यावर लगेच पट्टा चढवला होता, त्याचा होता. चार दिवस घरात तेच. खांबालासुद्धा कंटाळा आला असेल. सांगलीचं हळदीचं पेव बघितलं का, बाजार कसा आहे, कशाला पत्ता नाही. एवढ्या मोठ्या शहरात जाऊन माणसानं एका इंजिनाचा अपमान तेवढा बघून यावा.

लुगड्याचं झालं ते त्याच सुमारास. क्रूडचं पिंप आलं की ते काही दिवस हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं वरचं तेल काढायचं आणि तेही चार पदरी कापडातून गाळायचं, असा नेम होता. त्यांची स्वतःची धोतरं गाळून गाळून संपली. कापड तर कंट्रोलमध्ये. मग ते घरातली एकेक वस्त्रं उन्हाकडं धरून बघायला लागले. मांजरपाट विरळ, उपरणं विरळ. माझं इरकली लुगडं दोरीवर वाळत होतं, आईनं लग्नात दिलेलं, गर्द जांभळं, मी ते सणालाच नेसायची. त्याचं सूत दाट निघालं.

दुपारी मी कपडे काढायला गेले तर दोरीवर नुसते काठ आणि पदर. मधलं सगळं लुगडं गायब. काठ सरळ रेषेत कापलेले, नीट झटकून वाळत घातलेले. मी तिथंच खाली बसले आणि रडले. सासूबाईंनी जवळ घेतलं, पण थोरल्यांना जाब विचारायची त्यांची हिंमत नव्हती. संध्याकाळी ओसरीवर आवाज झाला, "घरात सांगा, काठ जपून ठिवा. चोळीला व्हतील." एवढंच. माझ्या आईनं ते लुगडं कसं घेतलं होतं ते मला माहीत होतं. दुष्काळी मुलखातली बाई. तिनं स्वतः कधी तसं नेसलं नव्हतं.

लुगड्याचे तुकडे पाडून त्यांनी ते वापरले. मोठा तेल गाळायला आणि एक हातभर तुकडा घडी करून इंजिनाच्या हवेच्या नळीवर बांधला. इंजिन त्या नळीतून हवा ओढून घेतं. उघडी नळी म्हणजे धुळीला आवताण, म्हणून तोंडावर कापड. दर दोन-चार दिवसांनी ते कापड सोडायचं, झटकायचं, धुवायचं. ते धुवायला माझ्याकडंच यायचं. मी माझंच लुगडं तुकड्या-तुकड्यांनी धूत होते, आणि प्रत्येक वेळी त्यातून किती माती निघते ते बघत होते. ती माती त्या फडक्यात अडकली नसती तर आत गेली असती, हे मला दिसत होतं. दिसलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

भावकीचं आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांना ह्याच इंजिनावर पंपही चालवायचा होता आणि उसाचा चरकही. दोन्ही एकदम. मामंजींनी साफ नाही म्हणून सांगितलं. धुराड्यातून काळा धूर यायला लागला की इंजिन रडतंय असं समजा, म्हणाले. त्यावरून भावकीनं वर्षभर घरी येणं सोडलं, लग्नाला बोलावलं नाही, पाठीमागं वाट्टेल ते बोलले. पण पाणी घेणं सोडलं नाही. पाळी आली की बरोबर हजर.

आणि लढाई संपली तेव्हा सत्कार करायला निघाले तेही हेच लोक. आसपासची सगळी इंजिनं बसली, आपलं एक चालू राहिलं, काठ हिरवा राहिला, तर खंडेनवमीला इंजिनाची नि थोरल्यांची जाहीर पूजा करायची. साताऱ्याकडचे कुणी पुढारी बोलावले. लेझीम, हलगी, मंडप. त्या दिवशी गावात सगळेच आपापल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, त्यामुळं नाही तरी कसं म्हणणार? मामंजींनी एवढंच बजावलं की पूजा बंद इंजिनाची करायची, कुंकू बोटभर, तेही चाकाला, आणि नारळ बाहेर दगडावर. सगळ्यांनी माना डोलवल्या. माना डोलवायला काय जातं?

हे अजून आले नव्हते. लढाई संपली तरी ह्यांची पलटण समुद्रापलीकडं कुठंतरी अडकली होती. गावातले इतर काही जण आले होते. काही येणार नव्हते, तेही कळून चुकलं होतं. मळ्यातून इंजिनाचा आवाज आला की मी भाकरी थापतानाही कान देऊन ऐकायची. चालू आहे, म्हणजे ते यायचे आहेत, असं काहीतरी माझ्या मनात बसलं होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याच्या वेडाची मलाही बाधा झाली होती.

खंडेनवमीच्या दिवशी मामंजींना फेटा बांधला, हारांनी गळा भरला आणि मंडपात खुर्चीवर बसवलं, इंजिनाच्या खोलीपासून चांगलं लांब. घरची सून म्हणून ओवाळणीचं ताट घेऊन मी खोलीत इंजिनापाशी उभी होते. पूजा झाली. तेवढ्यात पुढारी म्हणाले, चालू करून दाखवा की, बघू तरी कसं चालतं. लगेच भावकीतला एक दांडगा गडी पुढं झाला. त्याला इंजिन देखणं दिसायला हवं होतं. हवेच्या नळीवरचं फडकं त्यानं ओढून काढलं, 'हे काय घाणेरडं' म्हणत कोपऱ्यात भिरकावलं आणि नळीला झेंडूची माळ घातली. माझं लुगडं होतं ते. फेकताना त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मग हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, हलगी कडाडली, आणि गुलालाच्या टोपल्या आत आल्या.

मी म्हसवडची आहे. सिद्धनाथाच्या रथावर गुलाल कसा उधळतात ते मी पाळण्यात असल्यापासून बघत आलेय. रथ होऊन गेला तरी तो गुलाल दिवसेंदिवस कानातून निघतो, पिठाच्या डब्यातून निघतो, कुलूप लावलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांच्या घडीतून निघतो. त्याला अडवेल असं दार अजून कुणी केलेलं नाही. देवावर गुलाल उधळावा, देव श्वास घेत नाही. इंजिन घेतं. चांगभलं म्हणत त्यांनी पहिली टोपली उधळली आणि त्या लाल धुरळ्याची एक वेणी होऊन ती सरळ नळीच्या तोंडात शिरताना मला दिसली.

मंडपाकडं बघितलं तर मामंजी खुर्चीवरून उठले होते, हात हलवून काही ओरडत होते. हलगीत कुणाला ऐकू येणार? उलट लोकांना वाटलं, म्हातारा आनंदानं नाचतोय. दोघातिघांनी धरून त्यांना परत बसवलं. दुसरी टोपली आत आली.

मी ताट खाली ठेवलं. त्या गड्याला म्हटलं, नळी झाका. माझं बोलणं ऐकून तो आधी गोंधळला आणि मग हसला. पुरुषांच्या घोळक्यात सून बोलतेय ह्याचंच त्याला हसू आलं. तेव्हा मात्र माझ्या रागाला धरबंध राहिला नाही. डोक्यावरचा पदर ओढून काढला, त्याची घडी केली, नळीच्या तोंडावर ठेवली आणि वरून दोन्ही तळहात सगळ्या ताकदीनं दाबून धरले. इंजिनानं माझा हात आत ओढल्यासारखं केलं. दोनदा अडखळलं, हादरलं आणि बंद पडलं.

हलगी थांबली. सगळं गाव माझ्या उघड्या डोक्याकडं बघत होतं. पुढाऱ्यांच्या हातातला हार तसाच राहिला. आणि त्या शांततेत गळ्यातल्या हारांसकट थोरले मामंजी धापा टाकत आत आले. इंजिनाकडं बघितलं, नळीवरच्या माझ्या हातांकडं बघितलं आणि मग, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तापल्या इंजानाचा असा गळा दाबत्यात व्हय, पोरी?"

इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. सगळ्या गावासमोर. मी त्यांचं इंजिन वाचवलं होतं, त्यासाठी अब्रू पणाला लावली होती, आणि मला विचारतात, एकदम का बंद केलंस. मी पदर झटकून डोक्यावर घेतला आणि कुणाकडं न बघता घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच भावकी ओसरीवर येऊन बसली. मी दाराआड होते. पुढारी भाषण न करता निघून गेले, गावाचं नाक कापलं गेलं, सुनेनं त्यांच्या पाया पडून यायला हवं, असं सगळं बोलून झालं. मग त्यांच्यातला सर्वांत वयस्कर जो होता तो हळूच म्हणाला, "नवरा अजून लढाईवरनं आला न्हाई, आन हिनं खंडेनवमीला चालतं इंजान बंद पाडलं. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. कालपासून रात्रभर मीही तेच मनात म्हणत होते, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

मामंजी पहाटेपासून मळ्यात होते. त्यांनी इंजिन उघडलं होतं. ते ओसरीवर आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्या काळ्यावर लाल. वंगणात कालवलेला गुलाल. ते कुणाशी भांडले नाहीत. सरळ त्या वयस्कर माणसापुढं गेले आणि बोटानं त्याच्या कपाळावर ओढला एक आडवा पट्टा. मग शेजारच्याच्या. मग पुढच्याच्या. बसलेल्यांपैकी एकालाही सोडलं नाही, आणि कुणाची डोकं मागं घ्यायची छाती झाली नाही.

"घ्या. तुमचाच गुलाल हाय," म्हणाले. "आजून एक टोपली आत गेली आसती, तर उसाला डोळ्यांचं पाणी घालावं लागलं आसतं तुमास्नी. आन माझ्या पोराला मी काय त्वांड दाखवलं आसतं? ही पोर कुणाच्या पाया पडणार न्हाई."

भावकी उठून गेली, कपाळं न पुसताच. मला वाटलं, आता तरी दोन बरे शब्द बोलतील. मामंजी दाराशी आले. खांबाकडं वळायला गेले, थांबले आणि मला म्हणाले, "चल मळ्यात. आतला गुलाल पुसायला बारीक बोटं लागत्यात." दसऱ्याचा दिवस, घरात पुरणाचा स्वयंपाक, आणि मी रॉकेलमध्ये बुडवलेल्या माझ्याच लुगड्याच्या चिंधीनं इंजिनाची आतडी पुसत बसले. चुकलं की ओरडत होते. थांबले की ओरडत होते. सोनं लुटायला सगळं गाव शिवेवर गेलं तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो.

इंजिन पुन्हा चालू झालं, पण आवाज बदलला. थोडा घोगरा झाला. दुसऱ्या कुणाला कळायचा नाही, पण आम्हा दोघांना कळायचा. त्या दिवसापासून त्यांनी मला सगळं शिकवलं. हँडल मारताना वरचा खटका उचलून धरायचा, चाकाला गती आली की सोडायचा. अंगावर तळहात ठेवून ऊब ओळखायची. धुराचा रंग बघायचा. भावकी हसली, बाई इंजिन चालवते म्हणून. मग इंजिनावर ताण नको म्हणून मी पाळ्या कमी केल्या तेव्हा हसू थांबलं आणि भांडायला लागली. त्या उन्हाळ्यात मामंजी फार थकले. घोंगडं टाकून इंजिनापाशीच पडून असायचे, आणि आवाज जरा हलला की डोळे न उघडता हाताची दोन बोटं वर करायचे. मी तेल कमी करायची. ते इंजिन आणि तो म्हातारा, दोघांपैकी आधी कोण थांबतं ह्याची मला धास्ती पडली होती. दोघंही थांबले नाहीत. हटवादी होते म्हणून थांबले नाहीत, दुसरं काही नाही.

हे आले ते अशाच एका दुपारी. रहिमतपूरच्या स्टेशनावरून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत. वाटेत इंजिनाचा आवाज ऐकू आला म्हणून घरी जायचं सोडून तसेच मळ्यात. बायको घरी वाट बघत असेल, हे मनात आलं असेल का? विचारू नये. मी दारातच होते, हात तेलानं माखलेले, पट्टा नुकताच उतरवलेला, इंजिन रिकामं चाललेलं. समोर हे उभे. वाळले होते, काळे पडले होते, पण दोन्ही हात नि दोन्ही पाय जागेवर होते, ते मी आधी बघून घेतलं.

मामंजी घोंगड्यावर उठून बसले. "चालू हाय बग," एवढंच म्हणाले. हे पाया पडले, आणि पूर्वीच्या सवयीनं इंजिन बंद करायला पुढं झाले.

"हात लावू नगंस."

"आवं आबा, मी हाय."

"तूच हायस, दिसतंय मला. इंजान तिचं हाय. आदी तिला इचार."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदरानं डोळे पुसले, तेलाचा डाग पडला गालाला. मग हे कोपऱ्यातल्या माठाकडं गेले. उन्हातून चालत आलेले, घामानं निथळलेले. माठावरचा तांब्या उचलणार, इतक्यात मी पुढं होऊन तो काढून घेतला आणि म्हटलं, "तापल्यावर गार पाणी न्हाई. जरा दम खावा आदी."

मागं घोंगड्यावर म्हातारा खोकल्यासारखा हसला. ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, याचा मला अजून राग येतो.